पुसून परत केलेली कादंबरी

आज सकाळी तिसऱ्या मजल्यावरची रिद्धी पाया पडायला आली, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये हॉल तिकीट, काखेत पारदर्शक पॅड, आणि आठवडाभर कुणी हसवलंच नाही असा चेहरा. तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली, "सोपा जाईल गं पेपर" म्हटलं. ती जिना उतरून गेली, तोवर माझं दूध उतू गेलं होतं. ओटा पुसता पुसता म्हटलं, आले परीक्षांचे दिवस.

आमच्या कळंबोलीत ऋतू आवाजांवरून ओळखायचे. लोखंड बाजारात पत्रे उतरवण्याचा खणखणाट तर बारा महिने चालू असतो. पण या दिवसांत सोसायटीतले बाकीचे सगळे आवाज खाली बसतात, त्यामुळे तो फारच जवळ आल्यासारखा वाटतो. टीव्ही मुके होतात. कुकरच्या शिट्ट्याही बायका दार लावून घेतात. करंजांची जुनी पानं गळत असतात, दुपारी तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की नाकाला पदर लावावा लागतो, आणि उसाच्या रसाच्या गाडीवरचा घुंगरू तेवढा कुणाला न जुमानता वाजत राहतो.

मला हे दिवस आवडतात. दहावीतल्या मुलांच्या आयांसमोर हे बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहून टाकते. मला ते आवडायला लागले तीन वर्षांपूर्वी, माझा मिहीर दहावीला होता तेव्हा.

मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत आहे, अभिलेख शाखेत. त्या वर्षीची रजा मी पेपरांसाठी साठवून ठेवली होती. परीक्षेचं केंद्र घरापासून चालत वीस मिनिटांवर. मुलाला साडेदहाला फाटकाशी सोडायचं आणि दोन वाजता न्यायचं, मधल्या वेळात घरी जाऊन सगळा स्वयंपाक झाला असता. पण कुणीच घरी जात नव्हतं. आत मुलगा लिहीत असताना आपण बाहेर उकडत बसलो की त्याला दोन मार्क जास्त पडतात, अशी आम्हा सगळ्यांची न बोललेली समजूत होती. शाळेच्या भिंतीला लागून एक गल्ली होती, तिथल्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आम्ही तीन-तीन तास बसायचो. कुणाला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं. जो तो आपल्या मुलाच्या नावाने ओळखला जायचा. मी मिहीरची आई होते.

पहिल्या पेपरला मी पिशवीत एक कादंबरी टाकून नेली होती. अलीकडचीच, वाचनालयात नुकती आलेली, अजून पानांना नवा वास असलेली. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्या लेखिकेचा काहीच दोष नाही. बँकेत नोकरी करणारी पन्नाशीची एक बाई एके दिवशी ऑफिसला न जाता एसटीत बसते, भलत्याच गावात खोली घेऊन अकरा दिवस राहते आणि बाराव्या दिवशी घरी परत येते. नवरा दार उघडतो आणि विचारतो, "भाजी आणलीस का?" तिथे कादंबरी संपते.

माझ्या शेजारच्या पायरीवर सानिकाचे बाबा बसले होते. लोखंड बाजारात एका पेढीवर कामाला, मूळचे साताऱ्याकडचे, आणि आवाज असा की ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्यांना हळू बोलणं विसरायलाच झालेलं. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मागून घेतलं, मागून उघडलं, शेवटचं पान वाचलं आणि म्हणाले, "असं कुठं असतंय व्हय? बाई अकरा दिवस घरात न्हाय आन् ह्यो भाजी इचारतोय?"

फाटकावरचा हवालदार धावत आला. "ओ साहेब, पोरं लिहितायत आत. आवाज नको."

त्यांना दहा मिनिटांत दुसऱ्यांदा ताकीद मिळाली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि हवालदाराकडे बघून मिटलं. मग त्यांनी माझ्या पर्सला अडकवलेली पेन्सिल काढून घेतली आणि पानाच्या कडेला लिहिलं, 'भाजी???' तीन प्रश्नचिन्हं. वाचनालयाचं पुस्तक! मी कुजबुजले, तर ते त्यांच्या परीने कुजबुजले, "पेन्सिलच हाय, ताई. शेवटी खोडा की."

तशी आमची पद्धत सुरू झाली. बोलायचं नाही, कडेला लिहायचं. दोन पेपरांच्या मध्ये जी सुट्टी येई, तेवढे दिवस पुस्तक एकाच्या घरी जाई. पुढच्या पेपरला ते परत येई आणि सगळे आधी कादंबरी नाही, कडाच वाचत. ओंकारची आई आमच्यात सामील झाली. ती शिवणकाम करायची, आणि तिला प्रत्येक गोष्टीचा व्यवहार दिसायचा. बाई घर सोडते त्या पानावर तिने लिहिलं होतं, 'फ्रीजमध्ये दूध किती होतं? अकरा दिवसांत घर वासाने भरलं असेल.' त्याखाली सानिकाचे बाबा: 'नवरा आमच्या मेव्हण्यासारखा आहे.' त्याखाली परत ओंकारची आई: 'सगळ्यांचेच मेव्हणे तसे असतात.' आणि या सगळ्यांच्या वर, सुवाच्य अक्षरात, मी: 'संयत शैली. उत्तम निरीक्षण.' आता आठवलं तरी कानशिलं तापतात. कादंबरीवर नव्हे, फाइलवरच शेरा मारला होता मी.

तोवर मी वाचायचे ते एकटीच. पुस्तक संपलं की मिटायचं, बदलून आणायचं. नवऱ्याला सांगायला जावं तर तो "हं" म्हणतो, आणि ते "हं" पंचवीस वर्षांत बदललेलं नाही. दुसऱ्या माणसाला त्याच ओळीवर काय वाटलं हे कळण्यात केवढी गंमत असते, ते मला त्या पायरीवर कळलं. मी जिथे डोळे पुसले होते तिथे ओंकारची आई वैतागली होती. जे पान मी भराभर उलटलं, तिथे सानिकाच्या बाबांनी, त्या दणकट माणसाने, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आमची आई अशीच गप बसायची.' बीजगणिताच्या पेपरला मिहीर आत घाम गाळत होता आणि मी बाहेर सुखात होते. हे कबूल करायला मला तीन वर्षं लागली.

आमच्यापासून दोन पायऱ्या सोडून आणखी एक बाई बसायची. प्राचीची आई. नावडे गावातली, कळंबोलीच्या बाजारात संध्याकाळी मासळी विकायची. पेपरच्या दिवशी मात्र ठेवणीतलं पातळ, अबोलीची वेणी, आणि नजर फाटकावर. आमच्याकडे बघायची आणि आम्ही बघितलं की दुसरीकडे बघायची. एकदा मी शिष्टाचार म्हणून विचारलं, "वाचणार का तुम्ही?"

"मी कवा वाचलाय?" ती हसली. "नववीन शाला सोडली मी."

मी बरं म्हटलं. जरा जास्तच लवकर म्हटलं. पुढच्या पेपरला तिनेच येऊन हात पुढे केला. "द्या, मॅडम. बगतंय."

तिच्याकडे पुस्तक दोन सुट्ट्या राहिलं. इतिहासाच्या पेपरला तिने ते परत आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड लावून. काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही. मनात म्हटलं, चार पानं उलटली असतील बिचारीने.

आता मी जे केलं ते सांगते. वाचनालयाची मुदत संपत आली होती. भूगोलाच्या आधीच्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसले, हातात खोडरबर. आमच्या कचेरीत साहेब मसुद्यावर पेन्सिलीने काहीबाही लिहितात, आणि फाइल पुढे जाण्याआधी ते सगळं स्वच्छ पुसायचं काम आमच्या टेबलाचं असतं. नोकरीला लागले तेव्हा मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. तीस वर्षांत माझ्या हातून पेन्सिलीची एक रेघ बाहेर गेलेली नाही. हे मी अभिमानाने सांगायचे.

पहिली शंभर पानं मी वाचत, हसत पुसली. मग मिहीर नकाशा घेऊन आला, नद्या तपासून दे म्हणाला. मग भाजीवाल्याने बेल वाजवली. शेवटच्या भागात पेन्सिल बरीच होती, ठसठशीत, काळी. सानिकाचे बाबा मागूनच वाचतात, त्यांचंच असणार, असं धरून मी पानामागून पान घासत गेले. अक्षर वेगळं आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण ती बाई काही लिहील असं मला वाटलंच नव्हतं. याहून सोप्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. संध्याकाळी पुस्तक परत करून आले आणि टेबलावरचा खोडरबराचा चुरा कागदात गोळा करून टाकला.

भूगोलाच्या पेपरला प्राचीची आई पहिल्यांदा माझ्याच पायरीवर येऊन बसली. पदराशी चाळा करत तिने हळूच विचारलं, "वाचलाव का, मॅडम?"

"काय?"

"मी लिवलेला."

पुसलं म्हणून सांगायला किती वेळ लागला असता? पण मी म्हटलं, "हो. छान लिहिलंय."

ती अशी खुलली की मला बघवेना. "सगला वाचलाव? कुठला आवडला?"

"शेवटचं," मी म्हटलं. शेवट सगळ्यालाच काहीतरी असतो, एवढाच हिशेब.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आणखी काही बोलेन म्हणून थांबली होती. मी पर्समधली पाण्याची बाटली शोधायला लागले. "बरा," ती म्हणाली. जरा वेळाने उठली आणि घंटा व्हायला अर्धा तास असताना फाटकाशी जाऊन उभी राहिली. पेपर सुटला, मुलं ओरडत बाहेर आली, सानिकाच्या बाबांनी सगळ्यांना रस पाजला. मायलेकी त्या घोळक्यात नव्हत्या.

परीक्षा संपल्याचं मिहीरला कोण सुख! तो दुपारी बारापर्यंत झोपायचा. मला मात्र ते "बरा" झोपू देईना. शेवटी चौथ्या दिवशी मी वाचनालयात गेले. कादंबरी अजून कुणी नेली नव्हती. खिडकीशी उभं राहून शेवटची पानं उजेडात तिरपी धरली. रोज न लिहिणारी माणसं पेन्सिल दाबून धरतात. शिसं मी पुसलं होतं, पण कागदावर वळ होते.

बरंच गेलं होतं. जे लागलं ते असं. बाई गावात खोली घेते तिथे: 'पानी येतं का नाय तिथं, त्या लिवलाच नाय.' खरंच नव्हतं लिहिलेलं. तीन जणांनी वाचून कुणाला सुचलं नव्हतं. बाई एकटीच देवळात बसते तिथे: 'इथं मना रडू आला.' आणि नवरा भाजी विचारतो त्याच्या बाजूला, सानिकाच्या बाबांच्या तीन प्रश्नचिन्हांखाली: 'कोनी इचारला नाय मंग हिनीच सांगावा ना, मी कुठं गेलती.' मग मागचं कोरं पान. तिथे मी फारसं घासलं नव्हतं, आधीच दमले होते. तिथे लिहिलं होतं, 'मॅडम, तुमी आसता तं सांगितला आसता का?'

वाचनालयातला पंखा कुरकुरत होता. एक आजोबा वर्तमानपत्र वाचता वाचता झोपले होते. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. तिने मला सरळ प्रश्न विचारला होता, उत्तरासाठी माझ्या शेजारी येऊन बसली होती, आणि मी म्हटलं होतं की मला शेवटचं आवडलं.

दुसऱ्या दिवशी मी कादंबरीची नवी प्रत विकत घेतली आणि संध्याकाळी मासळी बाजारात गेले. कुणाचं नाव घेणार? "प्राचीची आई," मी म्हटलं, "नावड्याची." दोन कोळणींनी एकमेकींकडे पाहिलं. "वनिता का?" एक म्हणाली. "आज नाय आली. घरी हाय." महिनाभर एका बाईपासून दोन पायऱ्यांवर बसले, तिच्या हातात पुस्तक दिलं-घेतलं आणि तिचं नाव मला बाजारात कळलं.

तसल्या गोष्टी उद्यावर ढकलल्या की राहूनच जातात, हे मला कचेरीत राहून चांगलं ठाऊक आहे. मी तिथूनच रिक्षा केली. नावडे कॉलनी मागे पडली की गाव लागतं. जुन्या घरांच्या मधूनमधून चार मजली इमारती उठल्या आहेत. वनिताच्या दारात जवळा वाळत घातला होता, त्याच्या कडेकडेने पाय टाकत मी ओटीपर्यंत गेले. ती सूप घेऊन बाहेर आली आणि मला बघून थबकली.

"मॅडम? प्राचीचा काय जाला?"

"प्राचीचं काही नाही," मी म्हटलं. "मी तुम्हाला सांगायला आले. तुम्ही लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. न वाचता पुसलं. तुम्ही काही लिहिलं असेल असं मला वाटलं नाही. आणि त्या दिवशी खोटं बोलले."

हे वाक्य मी रिक्षात घोकून आले होते. बोलून झाल्यावर काय करायचं ते ठरवलं नव्हतं. ती सूप घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग राग.

"चार राती जागलू मी त्यापायी," ती म्हणाली. "प्राची अभ्यास करीत होती, मी तिच्या बाजूला बसून लिवत होतू. ती मना सबूद सांगायची. आनि तुमी पुसलाव."

"हो."

"आनि वर छान लिवलाय म्हनालाव."

"हो."

बचाव नव्हताच, म्हणून मी केला नाही. उन्हं उतरली होती. तिने सूप खाली ठेवलं, ओटीवरच्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. स्वतः उंबऱ्यावर बसली. मी नवी प्रत तिच्या हातात दिली. तिने ती उघडली नाही, मांडीवर धरून ठेवली.

"थोडं वाचता आलं," मी म्हटलं. "पाणी येतं का, ते. रडू आलं, ते. आणि माझ्यासाठी विचारलेलं." मग मी सांगून टाकलं, "मी त्या बाईच्या जागी असते, तर नसतं सांगितलं. भाजी आणायला गेले असते. मी तशीच आहे."

आतून प्राचीने डोकावून पाहिलं आणि आईचा चेहरा बघून परत आत गेली. वनिताने जवळ्यावर उतरलेला कावळा हाकलला. मग तिने मान हलवली.

"मना पन आता तसा वाटत नाय," ती म्हणाली.

"काय?"

"मी लिवला होता ना, हिनी सांगावा. त्या चुकला माजा. मंग मी लय इचार केला, मासली विकताना पन तोच. त्या अकरा दिवसांत तिनी कुनाचा काय वाईट केला? नाय ना? मंग ते दिस तिचं हायत. कशाला सांगल ती? नवरा इचारल तरी नको सांगूदे."

तीस वर्षं कादंबऱ्या वाचून मी एकदाही माझा शेरा मागे घेतला नव्हता. मिटलेलं पुस्तक मनात परत उघडून आपलंच म्हणणं खोडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मला इतका आनंद झाला की आपण इथे कशासाठी आलो होतो तेच क्षणभर विसरले.

"म्हणजे मीही बरोबरच," मी हसून म्हटलं. "नसतंच सांगितलं."

"नाय," वनिता म्हणाली. ती हसत नव्हती, पण तिचा आवाज निवळला होता. "तिचा येगला. तुमी दुसऱ्याचा पुसलाव, ताई. तुमाला सांगायलाच पायजे होता."

एवढं बोलून तिने नव्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं, आणि आत हाक मारून प्राचीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.